पोपटाला मागे ठेवून बारा दिवस बाहेर जायचे आहे: कोणाच्या हवाली करावे?

तुमचा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट नऊ वर्षांचा आहे, तुम्ही सहकुटुंब बारा दिवसांसाठी बाहेर जात आहात आणि आजवर तो एका रात्रीपुरताही तुमच्याशिवाय राहिलेला नाही. शेजारचे निवृत्त गृहस्थ रोज सकाळी येऊन दाणापाणी करायला तयार आहेत. एक मैत्रीण पिंजऱ्यासकट त्याला आपल्या घरी न्यायला तयार आहे, परंतु तिच्याकडे दोन कोकाटील (तुऱ्याचे छोटे पोपट) आणि एक मांजर आहे. शिवाय पक्षी सांभाळायला घेणारे एक केंद्रही तुम्ही पाहून ठेवले आहे. यांपैकी काय निवडावे, आणि तो एकटा पडू नये म्हणून आत्ताच दुसरा पोपट आणून ठेवावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. गेली वीस वर्षे मी पाळीव पक्ष्यांवर उपचार करते, आणि सुट्ट्यांचा हंगाम सरला की ‘आम्ही निघालो तेव्हा अगदी ठणठणीत होता’ या वाक्याने सुरू होणारी हकिगत मला दर वर्षी ऐकावी लागते. उत्तर थोडे लांबणार आहे ते त्यामुळेच.

आधी निर्णय सांगते. शेजारच्या गृहस्थांनाच निवडा. मात्र सकाळची एक फेरी पुरणार नाही, संध्याकाळची दुसरी हवी, दोहोंपैकी एक तरी तासाभराची हवी, आणि निघण्यापूर्वी तीन आठवडे त्यांना व पोपटाला एकमेकांची सवय करून द्यायला हवी. दुसरा पोपट मुळीच आणू नका.

याचे कारण समजण्यासाठी मालक घरी नसताना पोपट नेमके कशाने दगावतात हे पाहावे लागेल. निव्वळ उपासमारीने मेलेले पोपट मी फार थोडे पाहिले आहेत. बहुतेक वेळा पक्षी दोन-तीन दिवस आजारी असतो आणि पाहणाऱ्याच्या ते लक्षात आलेले नसते. पोपट हा निसर्गात शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य आहे. थव्यात जो अशक्त दिसतो तो आधी टिपला जातो, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगी मुरलेले आहे. समोर माणूस आला की आजारी पोपटही पिसे चापून ताठ बसतो, वाटीत चोच घालून खाण्याचे नाटकसुद्धा करतो, आणि माणूस वळला की पुन्हा अंग फुगवून डोळे मिटतो. रोज सकाळी पाच मिनिटांसाठी येणाऱ्या माणसाला हे नाटक तेवढे दिसते. म्हणून तुम्हाला दाणापाणी करणाऱ्यापेक्षा फरक ओळखणारा माणूस हवा आहे, आणि असा माणूस तयार करून घ्यावा लागतो.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी बजरीगर जातीचा एक लहानसा पोपट माझ्याकडे आणला गेला. त्याला सांभाळणाऱ्या मुलीने पाच दिवस न चुकता येऊन पाणी बदलले होते, पण दाण्याची वाटी रोज काठोकाठ भरलेली दिसल्यामुळे तिने त्यात दाणे घातले नव्हते. पिंजऱ्याबरोबर ती वाटीही आली होती. मी ती हातात घेऊन हलकी फुंकर मारली, तेव्हा वरची सगळी टरफले टेबलावर उडाली आणि तळाशी सात-आठ दाणे उरले. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल तिथल्या तिथे टाकतो. त्यामुळे वाटी रिकामी होत जाते तसतशी ती भरलेलीच दिसत राहते. तीस ते चाळीस ग्रॅम वजन असायला हवे तो पक्षी सव्वीस ग्रॅमवर आला होता. तो वाचला. मुलगी मात्र रडत होती, आणि तिचा दोष काहीच नव्हता, कारण टरफले फुंकायची असतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मालकाला जे इतके सवयीचे झालेले असते की सांगायचे सुचतही नाही, तेच नवख्या माणसाला ठाऊक नसते.

आता मैत्रिणीच्या पर्यायाकडे वळू. तिच्या मनाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिचे घर मात्र तुमच्या पक्ष्यासाठी चुकीचे आहे. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि दाताचा किंवा नखाचा टाचणीएवढा ओरखडासुद्धा पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारू शकतो; जखम दिसो न दिसो, मांजराने धरलेल्या पक्ष्याला काही तासांच्या आत प्रतिजैविक सुरू करावे लागते. मांजर पिंजऱ्यापर्यंत पोहोचणारच नाही, असे ती म्हणेल. तरीही समोर बसून एकटक पाहणारे मांजर बारा दिवस सहन करणे हा पोपटाला जाच आहे. कोकाटीलांचा धोका कमी ठळक पण माझ्या दृष्टीने मोठा आहे. वरून निरोगी दिसणारा कोकाटील क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा वाहक असू शकतो, तसेच चोच व पिसांचा रोग करणारा सर्कोव्हायरस वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून पसरतो. धूळ उलट दिशेनेही जाते. ग्रे आणि कोकाटील दोघांच्याही अंगावरून पांढरी भुकटी सतत झडत असते, तेव्हा तुमच्या पक्ष्याकडून तिच्या पक्ष्यांना काही लागण्याची शक्यताही तितकीच आहे. मैत्रिणीकडे पक्षी आणि मांजर नसते, तर तिला मी शेजाऱ्यांच्या बरोबरीने धरले असते.

केंद्राविषयी सरसकट वाईट बोलणे अन्याय होईल. रोज दोन वेळा औषध पाजावे लागणारा पक्षी असेल किंवा महिना-दोन महिने बाहेर राहायचे असेल, तर चांगले केंद्र हाच उत्तम मार्ग असतो. ते चांगले आहे की नाही हे ओळखण्याची माझी खूण अशी: तुम्ही चौकशी करायला जाता तेव्हा ते तुमच्याकडे काय मागतात हे पाहा. पक्षी अलीकडे डॉक्टरांनी तपासला आहे का, क्लॅमिडिया, सर्कोव्हायरस, पॉलिओमाव्हायरस यांच्या चाचण्यांचे अहवाल आहेत का, हे जर त्यांनी तुम्हाला विचारले नाही, तर शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या मालकालाही विचारलेले नाही. त्यातही बोर्नाव्हायरससारखे काही विषाणू अधूनमधूनच बाहेर पडतात, त्यामुळे एकदा आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल म्हणजे अभयपत्र नव्हे. रात्री तेथे माणूस झोपतो का, सगळे पिंजरे एकाच हवेत आहेत का, आणि ग्रे, कोकाटील, काकाकुवा यांसारखे भुकटी झाडणारे पक्षी मकाव या मोठ्या पोपटांच्या खोलीत ठेवले जातात का, हेही विचारा. त्या भुकटीने मकावांच्या फुप्फुसांना कायमचा अपाय होऊ शकतो, आणि हे ज्या केंद्राला माहीत नाही तेथे बाकीच्या गोष्टी तरी कितपत माहीत असतील याची मला शंका वाटते. तुमचा पक्षी धडधाकट आहे आणि मुदत बारा दिवसांची आहे. एवढ्यासाठी त्याला अनोळखी जागा, अनोळखी आवाज आणि अनोळखी पक्षी असे तिन्ही ताप एकदम देण्याची गरज नाही.

बरोबर नेण्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रवासी पिंजऱ्याची सवय नसलेला पोपट, उन्हात उभी राहिलेली गाडी आणि रोज बदलणारी खोली यांची बेरीज बहुधा सुखाची होत नाही.

राहिले घर. आपला पिंजरा, आपली दांडी, खिडकीतून दिसणारे तेच झाड, हे सगळे जागच्या जागी राहिल्याने त्याला फक्त माणसांची उणीव सोसावी लागेल. ती उणीव लहान नाही. ग्रे हा थव्याने राहणारा पक्षी आहे. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेल्यावर तो जी शीळ घालतो, तिचा अर्थ ‘कुठे आहात?’ असा असतो, आणि तुम्ही नकळत दिलेली ओ ऐकून तो शांत होतो. बारा दिवस त्या हाकेला उत्तर मिळणार नाही. म्हणून मी दुसऱ्या फेरीचा आग्रह धरते. सकाळच्या फेरीत वाट्या, पाणी, तळाचा कागद ही कामे उरकतील; संध्याकाळी त्यांनी खुर्ची घेऊन पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसावे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, फोनवर बोलावे, काहीही करावे. पोपटाशी खेळलेच पाहिजे असे नाही, घरात कोणीतरी वावरते आहे एवढे त्याला पुरते. जाताना त्यांनी नेहमीच्या वेळेला पिंजऱ्यावर कापड टाकावे, म्हणजे दहा ते बारा तासांची झोप मिळेल. खोलीतला एक मंद दिवा रात्रभर चालू असू द्या. दिवसा रेडिओ लावून ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तासभर ठीक आहे, पण सकाळपासून रात्रीपर्यंत बडबड चालू ठेवल्याने पोपटाची विश्रांती मोडते.

तीन आठवड्यांच्या तयारीत काय करायचे, ते सांगते. पहिल्या आठवड्यात गृहस्थांनी नुसते यायचे, तुमच्याशी बोलत बसायचे आणि पोपटाकडे रोखून पाहायचे नाही. भक्ष्य असलेल्या प्राण्याला समोरून रोखलेले दोन डोळे आवडत नाहीत. निघताना त्याचा सर्वांत आवडता खाऊ, समजा अक्रोडाचा तुकडा, त्यांनी गजांतून द्यायचा, आणि तो खाऊ या तीन आठवड्यांत तुम्ही स्वतः अजिबात द्यायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आतल्या खोलीत जायचे आणि वाट्या त्यांनी बदलायच्या. बुबुळ झरझर लहानमोठे होऊ लागले, मानेवरची पिसे उभारली किंवा शेपूट पंख्यासारखी पसरली, तर हात मागे घ्यायचा, हे त्यांना तुमच्या देखत दाखवून द्या. चावा घेण्याआधी ग्रे इतकी सूचना बहुतेक वेळा देतोच. वाट्यांचे दोन संच ठेवा, म्हणजे धुतलेली वाटी आत आणि उष्टी बाहेर एवढ्यात काम होते आणि हात पिंजऱ्यात घुटमळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम. तुम्ही खरोखर घराबाहेर पडून एक रात्र, जमल्यास दोन रात्री, दुसरीकडे राहा. त्याआधी आणि नंतर पोपटाचे वजन करा. या तालमीत ज्या गोष्टी उघडकीस येतात त्या कागदावर विचार करून सुचत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका घरातला ग्रे अशाच तालमीत शेजाऱ्यांना पाहून दोन्ही दिवस किंचाळत होता. शेवटी उलगडा झाला की एरवी ते घरच्या कपड्यांत यायचे आणि त्या दोन दिवसांत बाहेरून परस्पर आल्यामुळे डोक्यावर टोपी होती. टोपी दारातच उतरवायची, एवढ्यावर प्रश्न मिटला. दुसऱ्या एका घरी पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकलेली निघाली. बाटली भरलेली, पक्षी तहानलेला. बाटली वापरत असाल तर जोडीला पाण्याची वाटी ठेवाच.

वजनाचा मुद्दा मी जरा रेटून मांडते, कारण पोपटाच्या बाबतीत याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. काँगो जातीचे बहुतेक ग्रे ४०० ते ५५० ग्रॅमच्या दरम्यान असतात, परंतु तुमच्या पक्ष्यासाठी खरा आकडा त्याचा स्वतःचाच. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, त्यावर छोटी दांडी बसवा आणि आजपासून रोज सकाळी, रात्रीची मोठी विष्ठा टाकून झाल्यावर व खाण्यापूर्वी, त्याला त्यावर उभे करून आकडा वहीत लिहा. पिसे फुगवलेला पक्षी गोल गरगरीत दिसतो आणि छातीचे हाड मात्र पात्यासारखे वर आलेले असते. डोळे फसतात, काटा फसत नाही. तुमचा पक्षी ४६० ग्रॅमचा असेल तर तो ४१५ वर येणे म्हणजे दहा टक्के घट, आणि तेवढ्यावर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. शेजाऱ्यांसमोर तो काट्यावर उभा राहणार नाही, ही शक्यता मोठी आहे. तसे झाले तर ओढाताण न करता त्यांनी विष्ठा वाचायला शिकावे.

‘वाचायला’ हा शब्द मी जाणून वापरते. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घाला आणि तो रोज सकाळी बदलायला सांगा, म्हणजे चोवीस तासांचा हिशेब एका पानावर मिळतो. निरोगी विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवी किंवा तपकिरी गुंडाळी हा आतड्यातला मळ, तिच्यावरचा पांढरा खडूसारखा थर म्हणजे युरेट, अर्थात लघवीतला घट्ट भाग, आणि भोवतीचा पाण्याचा ओला डाग म्हणजे मूत्र. गुंडाळी नाहीशी होऊन नुसते गडद हिरवे बारीक ठिपके दिसू लागले, तर पक्षी खात नाही. पांढरा थर पिवळा किंवा पोपटी झाला, तर यकृताकडे संशय जातो. रसाळ फळ खाल्ल्यावर पाणी वाढते आणि रंगीत पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) खाल्ल्यावर मळाचा रंग बदलतो, त्याने घाबरायचे नाही. शेजाऱ्यांनी रोज सकाळी त्या कागदाचा आणि पोपटाचा एकेक फोटो तुम्हाला पाठवावा. तुम्ही नऊ वर्षे ती विष्ठा पाहत आला आहात, त्यामुळे फरक तुम्हाला दुरूनही कळेल.

खाण्यात या काळात कोणताही बदल नको. रोजचे पेलेट किंवा दाणे मोजून बारा दिवसांच्या बारा पुड्या करा, आणि परतायला उशीर झाला तर म्हणून आणखी तीन. ‘दोन चमचे’ असे लिहू नका, कारण चमचे घरोघर वेगळे. चिरलेली भाजी किंवा फळ दोन तासांत उचलायचे. सफरचंद द्यायचे तर बिया काढून. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण आणि खारवलेले पदार्थ द्यायचे नाहीत. त्यातल्या ॲव्होकॅडोने पक्ष्याचे हृदय निकामी होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रेमळ माणसे वाटीत भर घालत राहतात, म्हणून खाऊच्या पुड्याही मोजूनच द्या.

रिकामा वेळ भरून काढणे हे पोट भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७पासून २००७पर्यंत ज्याला शिकवले तो अ‍ॅलेक्स नावाचा पोपट आफ्रिकन ग्रेच होता. वस्तूंची नावे, रंग, आकार आणि सहापर्यंतची संख्या तो सांगू शकत असे. तेवढे डोके असलेल्या पक्ष्यापुढे दिवसभर फक्त भरलेली वाटी ठेवली, की तो आपली पिसे उपटण्याचा उद्योग शोधतो. (छातीवर टक्कल आणि डोक्यावरची पिसे मात्र शाबूत, असे दिसले तर काम त्याचेच समजावे, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही.) रोजच्या दाण्यांपैकी थोडे कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या डबीत घालून, लाकडाच्या भोकात खोचून ठेवा आणि प्रत्येक दिवसाची वेगळी गंमत आधीच तयार करून ठेवा. मात्र नवे खेळणे या काळात पिंजऱ्यात लावू नका. ग्रेला नव्या वस्तूचे भय वाटते आणि धीर द्यायला तुम्ही घरी नसाल. जे काही ठेवाल ते त्याने आधी एकदा फाडलेले असू द्या.

शेजाऱ्यांनी त्याला पिंजऱ्याबाहेर मोकळे सोडावे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ऐकून बहुतेक मालकांचा चेहरा उतरतो. बारा दिवस पिंजऱ्यात राहणे त्याला आवडणार नाही, हे खरे. पण उघडी खिडकी, फिरता पंखा आणि परत आत जायला नकार देणारा पोपट यांच्याशी एकट्या माणसाने सामना करणे याहून कितीतरी वाईट. पळालेल्या पोपटाला हाक मारून खाली आणणारा आवाज तुमचा आहे आणि तुम्ही शेकडो मैलांवर असाल. पिंजऱ्याची खिटी तो चोचीने उघडतो का, तेही तपासा. ग्रे आणि काकाकुवा यात पटाईत असतात. शंका असेल तर छोटे कुलूप लावा आणि किल्ली पिंजऱ्याशेजारीच टांगा.

घर रिकामे आहे तेवढ्यात रंगकाम किंवा कीटकनाशकाची फवारणी उरकून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. कृपया टाळा. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि हवेच्या पिशव्या जवळजवळ सर्व शरीरभर पसरलेल्या असतात, त्यामुळे हवेतले विष माणसापेक्षा फार लवकर त्याच्या रक्तात उतरते. याच कारणाने न चिकटणारी, म्हणजे नॉनस्टिक भांडी धोक्याची आहेत: रिकामे भांडे आचेवर राहून साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याच्या लेपातून वास नसलेला वायू सुटतो आणि पोपट काही मिनिटांत मरतो. शेजारी तुमच्या स्वयंपाकघरात एरवी जाणार नाहीत. तरीही ती भांडी कपाटात बंद करून जा. सुगंधी मेणबत्ती, उदबत्ती, फवारा मारायचे अत्तर यांपैकी काहीही त्या खोलीत नको.

आता आजारपणाची तजवीज. तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारा की त्या बारा दिवसांत ते स्वतः गावात आहेत का. आम्हीही सुट्टीवर जातो. नसतील तर पक्ष्यांची माहिती असलेला दुसरा डॉक्टर आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय शोधून दोन्ही पत्ते लिहून ठेवा. एक सही केलेले पत्र तयार करा, ज्यात पक्ष्याची जात, वय, नेहमीचे वजन, पायातल्या कडीचा किंवा चिपचा क्रमांक, पूर्वीचे आजार आणि चालू औषधे असतील, शेजाऱ्यांना उपचारांस संमती देण्याचा अधिकार असेल, आणि तुमच्याशी संपर्क झाला नाही तर किती खर्चापर्यंत जायचे हे स्पष्ट लिहिलेले असेल. हा शेवटचा मुद्दा लिहायला अवघड वाटतो. पण तो लिहिलेला नसला की बिचारा शेजारी रात्री अकरा वाजता माझ्यासमोर उभा राहून तुमचा फोन पुन्हा पुन्हा लावत बसतो आणि उपचारांचा तास निघून जातो.

कोणती लक्षणे दिसताच निघायचे, ते मोठ्या अक्षरांत पिंजऱ्याजवळ चिकटवा: तळाशी बसणे, दिवसा अंग फुगवून डोळे मिटलेले राहणे, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, उलटी, रक्त, तोल जाणे किंवा झटका येणे, आणि चोवीस तास काही न खाणे. झटक्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण रक्तातले कॅल्शियम घटून झटके येण्याचा त्रास ग्रे जातीत विशेष आढळतो, आणि फक्त बियांवर वाढलेल्या पक्ष्यात तो अधिक. प्रवासी पिंजरा, आत जुना टॉवेल घालून, मोठ्या पिंजऱ्याशेजारीच तयार ठेवा. टॉवेलात धरताना छाती दाबायची नाही, हे शेजाऱ्यांना करून दाखवा: पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्याचा श्वास चालतो, म्हणून घट्ट आवळलेली मूठ त्याला गुदमरवते. वाढत्या पिसातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोर (मक्याचे पांढरे पीठ) दाबून धरावे आणि निघावे.

गृहस्थ निवृत्त आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्यांच्या तब्येतीविषयीही विचारा. क्लॅमिडिया सिटासीमुळे माणसाला होणाऱ्या आजाराला सिटॅकोसिस म्हणतात. तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून लागतो आणि वयस्क, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा गर्भवती व्यक्तींना जड जातो. पोपटाची चाचणी आत्ताच करून घेतल्यास दोघांचेही भले होईल. तळाचा कागद काढण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही, आणि नंतर हात धुवावेत. नंतरच्या पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला झाला, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना पोपटाचा उल्लेख आवर्जून करावा; वेळेवर निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो.

दुसऱ्या पोपटाला मी नकार का दिला, तेही सांगते. नव्या पक्ष्याला निदान तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवून तपासावे लागते, आणि त्यानंतरही दोघांची मैत्री होईलच असे नाही. तोवर तुमच्या पक्ष्याच्या वाट्याला सोबत न येता प्रतिस्पर्धी येईल आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला दुप्पट काम.

व्हिडिओ कॉल करावा का, हे तालमीच्या रात्रीच ठरवा. काही पोपट मालकाचा आवाज ऐकून खुलतात, तर काही पिंजराभर तुम्हाला शोधू लागतात आणि आवाज बंद झाल्यावर बराच वेळ ओरडत राहतात. दुसरा प्रकार दिसला तर कॅमेरा लावून नुसते पाहत राहा, बोलू नका.

परत आल्यावर तो पाठ फिरवून बसेल किंवा पहिल्याच बोटाला चावेल, तर मनाला लावून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा, रोजची शीळ घाला, हात पुढे करण्याची घाई करू नका. सहसा दोन-तीन दिवसांत तो आपण होऊन खांद्यावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा आणि पुढचे दोन आठवडे ते वहीत लिहीत राहा. अक्रोडाचा तुकडा मात्र त्यानंतरही शेजाऱ्यांनीच देत राहावा, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा त्यांचेच दार ठोठावायचे आहे.